अंथरूण पाहून पाय पसरणारं अस्वल

पांडाशी ओळख करून घ्यायची असेल तर त्याच्या चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. तो चेहरा मोठा फसवा आहे. डोळ्यांभोवतीची ती काळी वर्तुळं, ते गुबगुबीत गाल पाहिले की माणूस विरघळतो आणि प्रश्न विचारायचं विसरून जातो. सुरुवात करा त्याच्या लेंडीपासून.

दचकू नका. ही लेंडी साधारण रताळ्याच्या आकाराची असते, हिरवट किंवा पिवळसर, आणि तिला घाण वास जवळपास येतच नाही. येतो तो ओल्या बांबूचा. मोडून पाहिली तर आत बांबूचे तुकडे जसेच्या तसे. कुणीतरी जुनी टोपली तोडून तिचे लाडू वळावेत तसं ते प्रकरण दिसतं. दिवसातून चाळीसेक वेळा असे लाडू मागे टाकत पांडा जंगलातून फिरतो. हा प्राणी अन्न पचवतो की नुसती मालवाहतूक करतो?

शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला. त्यांनी आत गेलेला बांबू मोजला, बाहेर पडलेला मोजला आणि वजाबाकी केली. बांबूतलं पाणी सोडून उरणाऱ्या ऐवजापैकी पांडाच्या अंगी लागतो तो जेमतेम १७ टक्के! म्हणजे शंभर रुपये कमवायचे आणि त्यातले त्र्याऐंशी उंबरठा ओलांडण्याआधीच रस्त्यात सांडायचे. ही तूट भरून काढायची कशी? एकच उपाय: खात राहायचं. पांडा दिवसाचे दहा ते चौदा तास खातो. पानं खातोय की पाणीदार कोंब, त्यावर अवलंबून रोज १२ ते ३८ किलो.

इतकं खायचं, तर ते नीट पचवणारं पोट तरी का नसावं?

गाईचं पोट आठवा. चार कप्पे, निवांत रवंथ, आणि गवत फोडणाऱ्या जंतूंची अख्खी फौज. घोड्याला रवंथ जमत नाही, पण त्याच्या आतड्याला गवत आंबवण्यासाठी भलीमोठी पिशवी असते. पांडाकडे यातलं काहीच नाही. त्याचं जठर साधं, आतडं आखूड, अगदी मटण पचवायला बनवावं तसं. आणि ते बनलंही त्याचसाठी. पांडा हे अस्वल आहे, आणि अस्वलं मांसाहारी प्राण्यांच्या गणातली.

हे अस्वल आहे एवढं ठरवायलाही माणसाला शतक लागलं. १८६९ मध्ये सिचुआनच्या डोंगरात राहणाऱ्या आर्माँ दाविद या फ्रेंच मिशनऱ्याने एका घरात काळंपांढरं कातडं पाहिलं आणि पाश्चात्त्य विज्ञानाला या प्राण्याची खबर लागली. दाविदने त्याला अस्वल म्हटलं. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पंडितांनी त्याचे दात आणि हाडं पाहून, हा तर हिमालयातल्या लाल पांडाचा भाऊबंद, असा निवाडा दिला. वाद चालतच राहिला. अखेर १९८५ मध्ये अमेरिकेतल्या स्टीफन ओब्रायन यांच्या गटाने रेणूंच्या पुराव्याने दाखवून दिलं की दाविदचं म्हणणं खरं होतं. इतर अस्वलांपासून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झालेली ही अस्वलांचीच पाती.

मग २०१० मध्ये जिंगजिंग नावाच्या मादीचा संपूर्ण जनुकसंच 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि कोडं आणखी गहिरं झालं. मांस पचवायला लागणाऱ्या रसायनांची जनुकं तिच्यात शाबूत होती. बांबूचा कणा म्हणजे सेल्युलोज. ते फोडणारं जनुक मात्र एकही नव्हतं. शिकारीची सगळी हत्यारं घरात आणि गडी उभा आहे गवतकापणीला!

त्याच जनुकसंचात आणखी एक गंमत सापडली. मटणाच्या रश्श्याला जी भरदार, जिभेवर रेंगाळणारी चव असते, ती ओळखणारं एक जनुक पांडामध्ये मोडून पडलंय. सुमारे ४२ लाख वर्षांपूर्वी ते निकामी झालं असावं, असा अंदाज आहे. रस्सा समोर ठेवला तरी त्याच्या जिभेला त्यातला जीव कळणार नाही. गोड मात्र त्याला उत्तम कळतं आणि मनापासून आवडतं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर असा हा संसार. मिळकत तुटपुंजी, गळती अफाट. अशा घरात काय करतात ते मराठी माणसाला सांगायला नको. अंथरूण पाहून पाय पसरतात! पांडाने नेमकं तेच केलं, आणि इतक्या टोकाला जाऊन केलं की त्याचा हिशोब पाहणारे चक्रावून गेले.

हा हिशोब तपासला निए योंगगांग, वेई फूवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पण रानातला प्राणी दिवसाला किती ऊर्जा जाळतो, हे मोजणार कसं? त्यासाठी एक सुरेख युक्ती आहे. प्राण्याला 'खूण केलेलं' पाणी द्यायचं. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा किंचित जड असतात. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या वाटेने बाहेर पडतो. जड ऑक्सिजनला दोन वाटा असतात, पाण्याची आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची. काही दिवसांनी दोघांपैकी कोण किती उरलं ते पाहायचं. दोघांतला फरक म्हणजेच प्राण्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड, आणि तो म्हणजे शरीराच्या चुलीचा धूर. धुरावरून सरपण किती जळलं ते कळतं.

२०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेलं उत्तर असं: तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला दिवसाला जेवढी ऊर्जा लागायला हवी, तिच्या फक्त ३८ टक्के ऊर्जेत पांडा दिवस काढतो. या बाबतीत त्याच्या पंगतीला बसेल तो झाडाला लोंबकळून आयुष्य घालवणारा स्लॉथ.

ही बचत येते कुठून? घरात जिथे जिथे कात्री लावता येईल तिथे तिथे लावलेली आहे. रानातला पांडा जवळजवळ निम्मा दिवस हालतच नाही. हालतो तेव्हा तासाला पंचवीस-तीस मीटर, म्हणजे अंगणातून ओसरीवर यावं तेवढं अंतर. मेंदू, यकृत, मूत्रपिंड हे फार ऊर्जा खाणारे अवयव. तेही त्याच्या आकाराच्या प्राण्याच्या मानाने लहान आहेत. थर्मल कॅमेऱ्यातून पाहिलं तर त्याच्या अंगाचा पृष्ठभाग इतर प्राण्यांच्या तुलनेत थंड दिसतो, कारण ती जाड लोकर आतली ऊब बाहेर सांडूच देत नाही.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे थायरॉइड. आपल्याकडे घरटी एखादं माणूस सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतं. ती ग्रंथी मंदावली की थकवा येतो, थंडी वाजते, हे त्या माणसाला विचारा. पांडामध्ये या संप्रेरकाची पातळी इतकी कमी असते की हिवाळाभर झोपून राहणाऱ्या काळ्या अस्वलापेक्षाही ती खाली जाते! त्यामागे एका जनुकातला बदल असावा, असं संशोधकांना दिसलं. माणसात हेच जनुक बिघडलं तर डॉक्टर गाठावा लागतो. पांडाने त्या दुखण्यालाच घरखर्चाचं धोरण करून टाकलं.

बरं, एवढी सुस्ती असताना हा हिवाळ्यात इतर अस्वलांसारखा ताणून का देत नाही? कारण झोपायचं तर आधी चरबीची ठेव हवी, आणि बांबूवर ठेव साठत नाही. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याला चार महिन्यांची रजा कुठून परवडणार?

खर्चाची बाजू झाली. पण जमेच्या बाजूलाही पांडा काही कमी चतुर नाही. बांबू म्हणजे आपल्याला एकच एक काडी वाटते. पांडाला त्यात पंचपक्वान्नं दिसतात.

चीनमधल्या चिनलिंग डोंगररांगेत फोपिंग नावाचं अभयारण्य आहे. तिथे डोंगराच्या खालच्या अंगाला एका जातीचा बांबू उगवतो, वरच्या अंगाला दुसऱ्या. गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधलेल्या पांडांचा संशोधकांनी वर्षभर माग काढला. वसंतात खालच्या बांबूला कोंब फुटले की पांडा खाली. ते कोंब जून होतात तेव्हा वरच्या बांबूला कोंब येतात, की हा निघाला वर. कोंब संपले की तिथलीच कोवळी पानं. मग पुन्हा खाली. नायट्रोजन, फॉस्फरस, कॅल्शियम यांतलं जे ज्या काळात ज्या उंचीवर जास्त, तिथे त्या काळात पांडा हजर! गडचिरोली-गोंदियाकडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी कधी काढायची आणि ती कधी जून होते, हे तिथली आजीसुद्धा बोटावर सांगते. पांडाला मात्र ते सांगायला कुणी आजी नाही, आई दीड-दोन वर्षांत सोडून जाते. तरी तो चुकत नाही.

या निवडीचा जमाखर्च २०१९ मध्ये मांडला गेला आणि त्यातून सर्वांत चमत्कारिक गोष्ट पुढे आली. पांडाला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी ऊर्जा प्रथिनांतून येते. हे प्रमाण कुणाचं आहे? लांडग्याचं! रानमांजराचं! म्हणजे ताटात पाला आहे, पण पोटात पोचणारा हिशोब मांसाहाराचाच. पोट बदलण्यापेक्षा पांडाने गवतातलं 'मटण' तेवढं वेचायला शिकून घेतलं. मांसाहारी आतड्याने बांबूवर इतकी वर्षं कशी काढली, या कोड्याची एक किल्ली इथे आहे.

दुसरी किल्ली पुन्हा लेंडीत आहे. कोंबांच्या दिवसांत पांडाच्या आतड्यात एक विशिष्ट जंतू वाढतो आणि त्याच काळात पांडा चांगलं अंग धरतो. दोन्हींचा संबंध आहे का? संशोधकांनी एक जरा विचित्र, पण डोकेबाज प्रयोग केला. आतड्यात एकही जंतू नसलेले उंदीर घेतले. काहींच्या पोटात कोंबांच्या हंगामातली पांडाची विष्ठा सोडली, काहींच्या पोटात पानांच्या हंगामातली. मग सगळ्यांना बांबूवर आधारलेला सारखाच खुराक दिला. कोंबांच्या हंगामातले जंतू मिळालेले उंदीर जास्त गुटगुटीत झाले! २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तो जंतू ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतो, आणि तो पदार्थ शरीराच्या घड्याळाच्या एका जनुकामार्फत चरबी साठवण्याचा इशारा देतो. सुगीच्या दिवसांत चार पैसे गाठीला बांधा, असं सांगणारा हा पोटातला सावकारच म्हणायचा.

आता हात पाहू. पांडा बसतो कसा? भिंतीला टेकून पेपर वाचणाऱ्या आजोबांसारखा, पाय पसरून. एका हातात बांबूची जुडी धरतो आणि ऊस सोलावा तशी दातांनी सोलतो. पण थांबा, अस्वलाच्या पंजाला पकडीचा अंगठा कुठून आला?

मोजून पाहिलं तर पांडाच्या पंजाला पाच बोटं आहेत आणि शिवाय हा सहावा 'अंगठा'. तो बोट नव्हेच. मनगटातलं एक इवलंसं हाड फुगून पुढे आलंय. अशा हाडांच्या इंग्रजी नावाचा उगम 'तीळ' या अर्थाच्या शब्दात आहे, कारण ती तिळाएवढी असतात. पांडात त्या तिळाचा अंगठा झाला! स्टीफन जे गुल्ड या जीवशास्त्रज्ञाने या अंगठ्यावर गाजलेला निबंध लिहिला. त्यातला मुद्दा असा की निसर्ग नवी कोरी रचना मागवत नाही, घरात पडलेल्या सामानातून काम भागवतो. फाटक्या धोतराचं फडकं आणि फडक्याचं पोतेरं करणाऱ्या घराला हे वेगळं शिकवायला नको.

युन्नान प्रांतात पांडाच्या पूर्वजाचे ६० ते ७० लाख वर्षं जुने अवशेष सापडले. त्याचा हा खोटा अंगठा आजच्या पांडापेक्षा लांब निघाला. मग तो पुढे आखूड का झाला? कारण याच पंजावर चालायचंही असतं. लांब अंगठा पकडीला चांगला, पण पावलापावलाला त्यावर भार पडणार. दोन्ही कामं सांभाळणारा मधला मार्ग म्हणजे आजचा आखूड, टोकाला वळलेला अंगठा. आणि लाल पांडा? 'पांडा' हे नाव मुळात त्याचं, १८२५ पासूनचं. सिक्कीम, दार्जिलिंग, अरुणाचलच्या रानात राहणारा हा छोटा प्राणी वेगळ्याच कुळातला, पण तोही बांबूच खातो आणि त्यालाही असाच खोटा अंगठा आहे. दोन घराणी, एकमेकांशी सोयरीक नाही आणि अडचणीवर तोडगा मात्र एकच!

आता बाळंतपणाकडे वळू या. पांडाची आई शंभरेक किलोची. पिल्लू? शंभर ग्रॅमचं. बटरचा लहान पुडा असतो ना, तेवढं. आई त्याच्या सुमारे नऊशेपट जड. माणसात हेच प्रमाण असतं तर तीन किलोच्या बाळाची आई २७०० किलोची, हत्तिणीएवढी झाली असती! पिल्लू गुलाबी, आंधळं, जवळजवळ केसाविना. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी नवजात पिल्लांची हाडं स्कॅन केली तेव्हा ती इतकी अपुरी निघाली की जणू माणसाचं बाळ २८ आठवड्यांत, म्हणजे सातव्या महिन्यात जन्मावं.

याचं कारण गर्भाच्या वेळापत्रकात दडलंय. पांडात फलन झालं तरी गर्भ लगेच गर्भाशयाला चिकटत नाही. काही आठवडे, कधी काही महिने तो तसाच तरंगत थांबून राहतो. म्हणून गर्भारपण मोजावं तर तीन महिनेही भरतं आणि साडेपाचही! पण गर्भ चिकटल्यानंतरची खरी वाढ होते ती अवघी महिनाभर. इतर अस्वलांत ती साधारण दोन महिने चालते. म्हणजे पांडाचं पिल्लू अस्वलाच्या पिल्लासारखंच घडतं, पण महिनाभर आधी बाहेर येतं. उरलेलं काम आईचं दूध करतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत चिकाचं दूध दोन-चार दिवसांत संपतं. पांडाच्या आईचा चीक साध्या दुधात पालटायला तीस दिवस लागतात. पोटात न दिलेला महिना ती कुशीत भरून देते.

जवळपास निम्म्या बाळंतपणांत जुळं होतं. रानातली आई एकालाच घेते, दुसऱ्याला सोडून देते. निर्दयपणा? हिशोब पाहा. बांबूवर जगणाऱ्या आईला दोघांपुरतं दूध आणि दोघांना धरायला हात पुरत नाहीत. सिचुआनमधल्या प्रजननकेंद्रांनी मात्र यावर तोड काढली. एक पिल्लू आईकडे, दुसरं काचेच्या ऊबदार पेटीत, आणि काही तासांनी अदलाबदल! आईच्या कुशीतून पिल्लू काढायचं कसं? गोड खाऊ पुढे करून. ते गोड ओळखणारं शाबूत जनुक आठवलं? आई खाऊत रमते आणि तेवढ्यात पाळणा बदलतो. एकच पिल्लू आपण वाढवतोय अशा समजुतीत ती दोन वाढवते.

पण पिल्लू व्हायला आधी लग्न जुळायला हवं ना! मादी वर्षातून एकदाच, वसंतात माजावर येते, आणि मुहूर्त टिकतो एक ते तीन दिवस. तो हुकला की पुढच्या वर्षी. बंदिवासातलं पहिलं पिल्लू १९६३ मध्ये बीजिंगच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलं, कृत्रिम रेतनातून पहिलं १९७८ मध्ये. पुढे मादीच्या मूत्रातल्या संप्रेरकांवरून मुहूर्त गाठायची विद्या साधली. जोडी ठरवायला वंशावळीची वही आली. एका घराण्यात लग्न नको, अगदी सगोत्र टाळावं तसं. पत्रिका जुळली, मुहूर्त साधला, आणि तरीही कित्येक जोड्या एकमेकांकडे पाठ करून बांबू खात बसत. मग काही संशोधकांनी एक साधी गोष्ट केली: वधूवरांना विचारलं! एका पांडाला शेजारी दोन उमेदवार दिले आणि तो कुणाकडे जास्त रमतो ते पाहिलं. २०१५ मध्ये निष्कर्ष आला. दोघांची पसंती जुळली तर पिल्लं होण्याची शक्यता कितीतरी वाढते. प्रेमविवाहाचा पुरावा, तोही आकडेवारीसह!

आज बंदिवासातल्या पांडांची संख्या ७०० च्या पुढे आहे. पण पिंजऱ्यात संख्या वाढली म्हणजे पांडा वाचला का? त्यासाठी पुन्हा रानात जाऊ.

रानात थंडी कडाक्याची. फोपिंगच्या कॅमेऱ्यांत पांडा एक अजब उद्योग करताना टिपले गेले. वाटेत घोड्याची ताजी लीद दिसली की थांबायचं, ती हुंगायची, तिच्यात लोळायचं आणि अंगभर, अगदी तोंडालासुद्धा, फासून घ्यायची! हे प्रकार थंडीच्या दिवसांतच जास्त घडतात. लिदीत दोन पदार्थ सापडले आणि त्यातला एक तुमच्याही स्वयंपाकघरात आहे. लवंगेत आणि मिऱ्यात असणारं कॅरियोफायलीन! शरीराला 'थंडी वाजतेय' असं कळवणारी जी घंटा असते ती हे पदार्थ दाबून धरतात. उंदरांना ते लावले तेव्हा त्यांनीही थंडी अधिक सोसली. सर्दीत लवंगतेल चोळणारी आपली आजी आणि लिदीत लोळणारा पांडा यांचं गोत्र एक निघालं, असं म्हटलं तर आजी रागावेल. पण रसायनशास्त्र रागावणार नाही.

आता येते खरी परीक्षा. काटकसरी संसाराला सगळ्यात मोठी भीती कशाची? एकुलती एक नोकरी जाण्याची. बांबू अनेक दशकं निमूट वाढतो, मग एका जातीचे सगळे बांबू अख्ख्या डोंगरावर एकाच वेळी फुलतात, बी टाकतात आणि मरून जातात. मिझोराममध्ये या फुलोऱ्याला 'मौतम' म्हणतात. तिथे बियांवर उंदीर माजतात आणि माणसांवर दुष्काळ येतो. १९७० च्या दशकाच्या मध्यात सिचुआनच्या मिन डोंगररांगांत असा फुलोरा आला आणि त्यानंतर निदान १३८ पांडा मेलेले सापडले.

पण थांबा. बांबू तर लाखो वर्षं फुलतोय. मग पूर्वीचे पांडा कसे तगले? उत्तर फोपिंगच्या त्या उतारावर आहे. वरचा बांबू मेला की खाली उतरायचं, दुसऱ्या जातीचा बांबू शोधायचा. विसाव्या शतकात मात्र खाली उतरलेल्या पांडाला शेतं, रस्ते आणि तुटलेलं जंगल लागलं. बांबूच्या फुलोऱ्यापेक्षा घात केला तो बंद झालेल्या वाटेने.

हे समजून घ्यायला आधी पांडाला मोजायला हवं होतं, आणि दाट बांबूत पांडा दिसतच नाही. हू जिंचू या चिनी प्राणिशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये वोलोंगच्या डोंगरात निरीक्षणतळ उभारला. दोन वर्षांनी जॉर्ज शॅलर तिथे आले. आपल्या शेजारच्या कान्हाच्या जंगलात वाघांचा पहिला सखोल अभ्यास करणारे तेच शॅलर. हू यांनी काय मोजलं? लेंडीतल्या बांबूच्या तुकड्यांची लांबी! प्रत्येक पांडाचा घास वेगळा. लहानग्याचा तुकडा आखूड, मोठ्याचा लांब. म्हणजे जे पोटाला पचलं नाही तेच शास्त्राच्या कामी आलं. तुकडा जसाच्या तसा बाहेर पडतो म्हणून तर त्यावर सही शिल्लक राहते.

पुढे लेंडीवर चिकटलेल्या पेशींमधून डीएनए काढायची विद्या आली. वांगलांग अभयारण्यात आधीच्या गणनेत २७ पांडा धरले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत ते ६६ निघाले! रान आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा भरलेलं होतं, आणि ही बातमी त्या टोपलीच्या लाडवांनी दिली.

देशभरची गणना सांगते की १९८० च्या दशकात रानात १११४ पांडा होते, नव्या शतकाच्या आरंभी १५९६, आणि २०१४ पर्यंत १८६४. मधल्या काळात, १९९८ मध्ये चीनने नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोड थांबवायला सुरुवात केली, डोंगरउतारावरच्या शेतीच्या जागी पुन्हा झाडं लावली, अभयारण्यं वाढवली. २०१६ मध्ये पांडा जागतिक यादीत 'संकटग्रस्त'वरून एक पायरी वर, 'असुरक्षित' या गटात आला.

तरी निश्चिंत व्हावं असं चित्र नाही. हे पांडा सहा डोंगररांगांत, ३३ तुटक गटांत विखुरलेत आणि कित्येक गटांत दहाही जीव नाहीत. एवढ्याशा गटाला एखादी साथ पुरते. २०१४-१५ च्या हिवाळ्यात शान्शी प्रांतातल्या एका केंद्रात कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर पांडांमध्ये शिरला आणि काही जणांचा बळी घेऊन गेला.

आणखी एक धडा २०२० मध्ये मिळाला. पांडासाठी राखलेल्या जंगलात बाकीच्यांनाही आसरा मिळतो, असं सगळे धरून चालले होते. मग कॅमेऱ्यांनी हजेरी घेतली. जिथे पूर्वी कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, होते त्या राखीव जंगलांपैकी ९५ टक्के जंगलांतून ते गेलेले, बिबटे ८१ टक्के जंगलांतून. कारण तेच, अंथरुणाचं माप. पांडाला दहा-बारा चौरस किलोमीटर पुरतात, बिबट्याला शंभराहून जास्त लागतात. काटकसरी माणसाच्या मापाने बांधलेल्या घरात बाकीच्यांचे पाय बाहेर राहिले. २०२१ मध्ये स्थापन झालेलं सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरचं पांडा राष्ट्रीय उद्यान तुटलेली रानं पुन्हा जोडू पाहतंय, त्यामागे ही जाणीवही आहे.

एवढं सगळं पाहिल्यावर पांडाकडे आणखी कोणती काटकसर शिल्लक उरते? मेंदू लहान केला, यकृत लहान केलं, थायरॉइड मंदावला, पिल्लू शंभर ग्रॅमवर आणलं, तिळाचा अंगठा केला. छाटण्याजोगं होतं ते त्याचं छाटून झालंय. एकच गोष्ट त्याला कमी करता येत नाही: डोंगराचा तो अख्खा उतार, खालच्या बांबूपासून वरच्या बांबूपर्यंत, मध्ये न तुटलेला.

अंथरूण पाहून पाय कसे पसरावेत, हे लाखो वर्षं त्याला ठाऊक आहे. आपण फक्त अंथरूण ओढून घ्यायचं नाही.